घाटावरची राजधानी आणि मराठ्यांचें आरमार

श्रोतेहो, सातारा आणि सांगली हीं नांवें घेतलीं कीं डोळ्यांपुढें कृष्णाकांठ येतो, अजिंक्यताऱ्याचा माथा येतो, ज्वारीचीं शेतें येतात; समुद्र मात्र येत नाहीं. त्यांत नवल नाहीं. मध्यें सह्याद्रीची भिंत उभी आहे. ह्या प्रदेशावर पडणारा बहुतेक पाऊससुद्धां जवळचा समुद्र सोडून कृष्णेच्या वाटेनें शेंकडों कोस दूरच्या पूर्वसमुद्राकडे जातो. तरीहि आज मीं जो विषय मांडणार आहें तो मराठ्यांच्या आरमाराचा आहे, आणि तो ह्या दोन जिल्ह्यांतील श्रोत्यांना परका वाटूं नये अशी माझी इच्छा आहे. कारण ह्या आरमाराचा जन्म कोंकणच्या खाड्यांत झाला खरा, परंतु त्याचें भाग्य ठरविणारे कांहीं मोठे निर्णय घाटावर झाले. १७०८ च्या जानेवारींत शाहूछत्रपतींचा राज्याभिषेक साताऱ्यास झाला. तेव्हांपासून १७४९ त त्यांचा अंत होईपर्यंत सरखेलीचीं, म्हणजे आरमाराच्या मुख्य अधिकाराचीं, वस्त्रें साताऱ्याहून जात असत. समुद्र न दिसणाऱ्या राजधानीनें समुद्राचा कारभार कसा केला, आणि त्यांत काय कमावलें व काय गमावलें, हा आजचा प्रश्न आहे.

आधीं मूळ पाहूं. डोंगरी किल्ल्यांच्या बळावर उभ्या राहिलेल्या नव्या राज्याला समुद्राची गरज कां भासावी? ऑक्टोबर १६५७ मध्यें कल्याण व भिवंडी शिवाजीमहाराजांच्या ताब्यांत आलीं आणि त्यांचें राज्य खाऱ्या पाण्याला भिडलें. त्या पाण्यावर हुकमत दुसऱ्यांची होती. गोवा, चौल आणि वसई येथें पोर्तुगीजांची सत्ता शंभराहून अधिक वर्षें मुरलेली होती. त्यांचा परवाना जवळ असल्यावांचून व्यापाऱ्याचें तारूं निर्धास्त फिरूं शकत नसे. राजापुरीच्या खाडीच्या तोंडाशीं जंजिऱ्यावर सिद्दी बसलेला होता. एकाएकीं किनाऱ्यावर उतरावें, गांवें लुटावीं, माणसें धरून न्यावीं आणि पाठलाग होण्यापूर्वीं पुन्हां पाण्यांतल्या किल्ल्याचा आश्रय करावा, हा त्याच्या लोकांचा क्रम होता. घाटावरचें घोडदळ कितीहि चपळ असलें तरी पाण्याच्या कांठाशीं येऊन त्याला थांबावेंच लागे. जो राजा रयतेचें रक्षण करूं शकत नाहीं त्याला तिच्याकडून कर मागण्याचा अधिकार उरत नाहीं. आणि कोंकणच्या रयतेचें रक्षण जहाजांवांचून होणें शक्य नव्हतें. मराठी आरमार ह्या गरजेंतून उभें राहिलें.

जहाजें बांधण्याची विद्या एका दिवसांत येत नाहीं. आरंभीं ह्या कामावर पोर्तुगीज कारागीर मोलानें लावलेले होते. परंतु हीं जहाजें उद्यां आपल्यावरच चालून येतील हें ध्यानांत येतांच पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं त्यांना काम सोडावयास लावलें. कारागीर गेले, पण काम थांबलें नाहीं. कोळी, भंडारी, गाबीत, दालदी अशा, पिढ्यानपिढ्या समुद्रावर पोट भरणाऱ्या लोकांतून खलाशी व तांडेल मिळाले. अधिकार देतांना जात किंवा धर्म पाहिला गेला नाहीं. मायनाक भंडारी, दर्यासारंग आणि दौलतखान हीं नांवें त्याची साक्ष देतात. २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं मालवणच्या बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. पुढच्याच फेब्रुवारींत महाराज स्वतः जहाजावर चढून कानडी किनाऱ्यावरील बसरूरवर गेले. त्या ताफ्यांत तीन मोठीं जहाजें व पंचाऐशीं लहान गलबतें होतीं, असें त्या वेळच्या इंग्रजी पत्रांत नमूद आहे. ज्या राज्याला आठ वर्षांपूर्वीं समुद्रकिनाराच नव्हता, त्याची ही मजल होती.

ह्या आरमाराची खरी परीक्षा १६७९ सालीं झाली. मुंबई बंदराच्या तोंडावर खांदेरी नांवाचें ओसाड बेट आहे. तेथें महाराजांनीं किल्ला बांधावयास काढतांच मुंबईकर इंग्रज खडबडून जागे झाले. त्यांनीं जहाजें घालून बेटाची नाकेबंदी केली; तरी अंधाराचा व उथळ पाण्याचा फायदा घेऊन मराठी होड्या बेटावर दाणागोटा पोंचवीतच राहिल्या. १८ ऑक्टोबर रोजीं दौलतखानाच्या ताफ्यानें पहांटे नागांवच्या बाजूनें निघून इंग्रजांवर हल्ला चढविला आणि त्यांचें 'डोव्हर' नांवाचें गलबत धरलें. 'रिव्हेंज' ह्या मोठ्या जहाजापुढें मराठ्यांना मागें हटावें लागलें, हेंहि सांगितलें पाहिजे. समोरासमोरच्या तोफांच्या लढाईंत विलायती बांधणीचें जहाज वरचढ होतें. पण खांदेरी मराठ्यांकडेच राहिली, आणि १६८० च्या आरंभीं इंग्रजांनीं तह केला. महाराजांच्या हयातींतील ही अखेरची मोठी सागरी झुंज होती. तिच्यांत आरमाराचें सामर्थ्य आणि त्याची मर्यादा दोन्हीं दिसून आलीं.

आतां खर्चाकडे वळूं, कारण सगळी कथा त्या एका खुंटीवर टांगलेली आहे. मराठी आरमारांत मुख्यतः दोन जातींचीं जहाजें असत. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, दीडशें ते तीनशें टनांपर्यंतची, पुढच्या बाजूस तोफा रोखलेली. गलबत त्याहून लहान, बहुधा सत्तर टनांच्या आंतलें, चाळीस-पन्नास वल्ह्यांनीं वारा नसतांहि चालणारें. वारा पडला कीं गलबतांनीं गुराबेला ओढून शत्रूच्या पिछाडीस न्यावयाचें, आणि मग सर्वांनीं मिळून त्यावर चढाई करावयाची, अशी युद्धाची रीत होती. ह्या जहाजांना सागवान लागे, काथ्या लागे, शिडांचें कापड लागे, तोफा व दारू लागे. पाण्यांतला किडा तळाचें लांकूड पोखरीतच असे. पावसाळ्याचे चार महिने जहाजें ओढून ठेवावीं लागत. त्या काळांत तीं एक पैसा मिळवीत नसत, पण खलाशाचें पोट तर चालूच असे. घोडेस्वार शत्रूच्या मुलखांत शिरला तर तो मुलूखच त्याला पोशी. गलबताला समुद्र कांहींच पिकवून देत नाहीं. तेव्हां आरमाराला बारमाही खजिना पाहिजे. तो नसेल तर आरमार व्यापाऱ्यांच्या जहाजांवर जगूं लागतें.

ही गोष्ट आपल्या एका थोर मुत्सद्द्यानें फार लवकर ओळखली होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेलें 'आज्ञापत्र' १७१५ च्या सुमाराचें आहे. त्यांत आरमारावर स्वतंत्र विवेचन आहे. रयतेचीं आंबा-फणसाचीं झाडें जहाजांच्या लांकडासाठीं जुलमानें तोडूं नयेत, हा त्यांतला उपदेश बहुतेक सुशिक्षितांच्या कानांवरून गेलेला असतो. त्याहून महत्त्वाचा, पण कमी ऐकलेला, उपदेश पैशाचा आहे. आरमाराचा तनखा मुलखाच्या वसुलांतून नेमून द्यावा. समुद्रावर मिळणाऱ्या मिळकतीवर त्याची नेमणूक ठेवूं नये. तसें केल्यास सावकारांना उपद्रव होतो आणि बंदरें ओस पडतात, असा त्याचा आशय आहे. पण हा उपदेश लिहिला गेला करवीरच्या छत्रपतींच्या पदरीं, आणि किनाऱ्यावरचें सर्वांत बलाढ्य आरमार त्या वेळीं साताऱ्याच्या बाजूस गेलेलें होतें.

तें कसें गेलें तें पाहूं. औरंगजेबाशीं चाललेल्या सत्तावीस वर्षांच्या युद्धांत घाटावरचे किल्ले एकामागून एक पडत होते. खुद्द सातारा १७०० च्या एप्रिलांत मोंगलांच्या हातीं गेला. त्या धामधुमींत सुवर्णदुर्गाच्या आश्रयानें पुढें आलेला कान्होजी आंग्रे किनारा संभाळून होता. छत्रपतींकडून खजिना येण्याची सोय नव्हती. कारण छत्रपतींनाच खजिना नव्हता. कान्होजीनें स्वतःच्या कर्तृत्वावर जहाजें राखलीं, माणसें पोसलीं आणि सरखेली मिळविली. शाहूमहाराज साताऱ्यास आल्यावर तो ताराबाईंच्या पक्षास राहिला. १७१३ त त्याच्यावर पेशवे बहिरोपंत पिंगळे चालून गेले, तेव्हां त्यानें पेशव्यांनाच कैद केलें. साताऱ्यावर मोठें संकट आलें. मग बाळाजी विश्वनाथांना पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं आणि ते कान्होजीकडे निघाले. बाळाजीपंत स्वतः श्रीवर्धनचे, सिद्दीच्या जाचामुळें देशीं आलेले. समुद्राची किंमत त्यांना कोणीं शिकवावी लागत नव्हती. त्यांनीं तरवार न उपसतां कान्होजीला शाहूंच्या बाजूस आणलें. १७१४ च्या आरंभीं झालेल्या त्या तहानें कान्होजीची सरखेली कायम झाली आणि दहा किल्ले व सोळा लहान ठिकाणें त्याच्याकडे राहिलीं.

ह्या तहाची बाळाजीपंतांच्या चातुर्याबद्दल नेहमी वाखाणणी होते, आणि ती योग्यच आहे. एका भेटीनें यादवीचें एक तोंड बंद झालें व एक आरमार छत्रपतींच्या पदरीं पडलें. परंतु तहाची दुसरी बाजूहि आहे. शिवाजीमहाराजांच्या वेळीं आरमार हें राज्याचें अंग होतें. त्याचे सुभेदार नेमले जात आणि बदलले जात. १७१४ पासून तें एका घराण्याचें झालें. किल्ले त्याचे, मुलूख त्याचा, जहाजें त्याचीं. आणि खर्चाची तोंडमिळवणीहि त्याचीच. साताऱ्याला आरमार मिळालें, पण त्याचें बिल साताऱ्याकडे आलें नाहीं. ही सवलत त्या दिवशीं गोड लागली. पुढच्या पिढ्यांनीं तिची किंमत मोजली.

पहिलीं पंधरा वर्षें मात्र कीर्तीचीं होतीं. आपल्या पाण्यांतून जाणाऱ्या जहाजानें आपलें दस्तक घ्यावें, न घेतल्यास तें धरलें जाईल, असा कान्होजीचा नियम होता. पोर्तुगीजांनीं शंभर वर्षें हेंच केलें होतें. इंग्रजहि आपल्या परवान्यांचा आग्रह धरीत. परंतु कान्होजीनें तेंच केलें तेव्हां इंग्रजांनीं त्याला चांचा म्हटलें, आणि दुर्दैवानें पुष्कळ दिवस आपल्या शाळांतहि तोच शब्द शिकविला गेला. मुंबईच्या इंग्रजांनीं १७१७ त विजयदुर्गावर, १७१८ त खांदेरीवर आणि १७२० त पुन्हां विजयदुर्गावर हल्ले केले. प्रत्येक वेळीं ते हात हलवीत परतले. १७२१ च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज एकत्र होऊन कुलाब्यावर आले. तेव्हां साताऱ्याच्या सरकारची फौज घेऊन तरुण बाजीराव पेशवे कोंकणांत उतरले. समोर जमिनीवरून मराठी घोडदळ आलेलें पाहून पोर्तुगीजांनीं वेगळा तह केला, आणि इंग्रजांना मोहीम आवरती घ्यावी लागली. घाटावरचें सैन्य आणि घाटाखालचें आरमार एकमेकांच्या पाठीशीं उभें राहिलें म्हणजे युरोपांतलीं दोन राष्ट्रेंहि काय करूं शकत नाहींत, हें कुलाब्यानें दाखवून दिलें. हा दिवस ध्यानांत ठेवा; पुढें त्याच्या उलट दिवस यावयाचा आहे.

४ जुलै १७२९ रोजीं कान्होजी वारला. त्याच सुमारास किनाऱ्याची दुसरीहि एक वांटणी झाली. १७३१ च्या वारणेच्या तहानें सातारा व करवीर हीं दोन राज्यें वेगळीं ठरलीं. वारणा नदी सांगलीजवळ हरिपुरास कृष्णेला मिळते. तो संगम आपणांपैकीं अनेकांच्या नित्य परिचयाचा आहे. ती नदी दोन छत्रपतींमधली सीमा झाली, आणि घाटाखालचा किनाराहि दोघांत विभागला गेला. महाराजांचा सिंधुदुर्ग एका गादीकडे, विजयदुर्ग दुसऱ्या गादीच्या सरखेलाकडे!

साताऱ्याजवळ धावडशीस राहणारे ब्रह्मेंद्रस्वामी हे त्या काळीं मोठे वजनदार पुरुष होते. चिपळुणाजवळचें परशुरामाचें क्षेत्र सिद्दीच्या माणसांनीं १७२७ त उद्ध्वस्त केलें. तेव्हां ते घाटावर आले आणि सिद्दीचें पारिपत्य व्हावें म्हणून दरबाराच्या मागें लागले. १७३३ त जंजिऱ्याची मोहीम निघाली. पण पेशवे व प्रतिनिधि यांची चुरस साताऱ्याहून निघून थेट रायगडापर्यंत पोंचली; त्याच वर्षीं सरखेल सेखोजी आंग्रे वारला; आणि त्याचे भाऊ संभाजी व मानाजी वारशासाठीं भांडूं लागले. १७३६ त चिमाजीअप्पांनीं सिद्दी सातास लढाईंत मारलें, तरी जंजिरा घेतां आला नाहीं तो नाहींच. दरम्यान १७३५ त आंग्र्यांची दौलत दुभंगली: मानाजी कुलाब्यास, संभाजी सुवर्णदुर्ग-विजयदुर्गास. राज्याचें आरमार असतें तर सरखेल मेल्यावर दुसरा नेमला असता; घराण्याचें आरमार होतें म्हणून त्याची वांटणी झाली. शेत वांटलें तर दोन शेतें होतात; आरमार वांटलें तर एकहि उरत नाहीं.

संभाजीच्या मागून तुळाजी सरखेल झाला. तो शूर होता. त्याच्या जहाजांनीं इंग्रज व डच दोघांचींहि मोठमोठीं जहाजें धरलीं. पण पेशव्यांचा अधिकार मानावयास तो तयार नव्हता, आणि त्याच्या ताफ्याची भूक आतां आपल्या-परक्याचा भेद करीनाशी झाली होती. अमात्यांनीं वर्तविलेलें भविष्य अक्षरशः खरें ठरलें: आरमार समुद्रावरच्या मिळकतीवर जगूं लागलें, तेव्हां व्यापारी, शेजारी आणि स्वकीय सरदार सगळेच त्याचे वैरी झाले. शाहूमहाराज गेल्यावर दोन्हीं पक्षांना बोलावून दटावील असें वडीलधारें माणूसहि साताऱ्यास उरलें नाहीं.

मग तो उलट दिवस उगवला. मार्च १७५५ त पेशव्यांच्या वतीनें रामाजी महादेव यांनीं तुळाजीविरुद्ध इंग्रजांशीं करार केला. एप्रिलांत कमोडोर जेम्सनें सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ त ॲडमिरल वॉट्सन आपला ताफा व कर्नल क्लाइव्ह आपलें पायदळ घेऊन विजयदुर्गापुढें आले. जमिनीवरून पेशव्यांची फौज वेढा घालून होती. तुळाजी तहाचें बोलणें करण्यासाठीं मराठी छावणींत आला होता. इंग्रजांनीं वाट पाहिली नाहीं. त्यांच्या तोफांचा एक पेटता गोळा आंग्र्यांच्या नांगरलेल्या जहाजावर पडला आणि खाडींत एकमेकांना खेटून उभीं असलेलीं जहाजें थोड्या वेळांत जळून गेलीं. क्लाइव्हनें आपलीं माणसें मध्यें उतरवून किल्ल्याची वाट पेशव्यांच्या फौजेला बंद केली. किल्ल्यांत सांपडलेली सुमारें दहा लाखांची लूट इंग्रजांनीं आपसांत वांटून घेतली. किल्ला परत देण्यासहि त्यांनीं खळखळ केली, आणि ऑक्टोबरच्या तहानें विजयदुर्गाच्या मोबदल्यांत बाणकोटचा किल्ला व दहा गांवें घेतलीं. सातारा जिल्ह्याच्या माथ्यावर, महाबळेश्वरास उगम पावणारी सावित्री ज्या जागीं समुद्राला मिळते, तेंच हें बाणकोट. मुंबई बेटाच्या बाहेर, कोंकणच्या मुख्य भूमीवर, इंग्रजांचें निशाण अशा रीतीनें आमच्या हातांनीं रोवलें गेलें. आणि पुढच्याच वर्षीं, विजयदुर्ग पाडणाऱ्या त्याच वॉट्सन-क्लाइव्हांनीं बंगाल आपल्या मुठींत आणला.

ह्या प्रकरणीं सगळा दोष नानासाहेब पेशव्यांच्या माथीं मारण्याची वहिवाट आहे. सरखेलाला शिक्षा करावयाची म्हणून परक्याच्या हातून आपलें आरमार जाळविलें, ही चूक लहान नव्हे. तरी न्यायानें पाहतां तिचें बीज बेचाळीस वर्षांपूर्वींच्या तहांत आहे. जें आरमार राज्याच्या जमाखर्चांत नव्हतें तें आपलें आहे असें पुण्यास वाटलें नाहीं. आणि ज्या राज्यानें आपल्याला पोसलें नाहीं त्याचा हुकूम मानावा असें तुळाजीला वाटलें नाहीं. दोघांचीहि मति एकाच कारणानें फिरली.

पुढें पेशव्यांनीं विजयदुर्गास आपलें आरमार ठेवलें, आणि ८ एप्रिल १७८३ रोजीं आनंदराव धुळपांनीं रत्नागिरीजवळ इंग्रजांचें 'रेंजर' जहाज सोबतच्या जहाजांसह धरून जुना करारीपणा दाखविला. परंतु तें आरमार पुन्हां कान्होजीच्या वेळच्या तोलाचें झालें नाहीं. विजयदुर्गाजवळ, वाघोटणच्या खाडींत, गिर्ये येथें खडकांत खोदलेल्या मराठी गोदीचे अवशेष आजहि दिसतात. जहाजें बांधण्याचें ज्ञान आमच्याकडे होतें, माणसें होतीं, धाडस होतें; सतत चालणारी तरतूद नव्हती. फेब्रुवारी १८१८ त इंग्रजी फौज साताऱ्यास पोंचली, तेव्हां तिच्या मागचा समुद्र कधींच निर्वेध झालेला होता.

कोणी विचारील, कृष्णाकांठच्या शेतकऱ्यानें कोंकणच्या गलबतासाठीं सारा कां भरावा? त्याचें उत्तर त्याच्या ताटांत होतें. मीठ कुंभार्ली घाटानें चिपळुणाहून चढून कऱ्हाडच्या पेठेस येई. नारळ त्याच वाटेनें येई. स्वारांचे अरबी घोडे समुद्रावरूनच येत. सांगलीच्या पटवर्धनांचें मूळ गांव कोतवडें हें रत्नागिरीजवळचें. पेशव्यांचें श्रीवर्धन तर लाटांच्या ऐकण्यांत. घाट चढून आलेल्या ह्याच घराण्यांच्या हातीं राज्य होतें, तरी राज्याच्या हिशेबांत किनारा परकाच राहिला, ही ह्या इतिहासांतली खेदाची गोष्ट आहे.

२ सप्टेंबर २०२२ रोजीं भारतीय नौदलानें आपल्या निशाणावर शिवाजीमहाराजांच्या मुद्रेवरून घेतलेला अष्टकोन घातला. मुंबईंतील नौदलाच्या एका ठाण्याला त्यापूर्वींच आंग्र्यांचें नांव मिळालेलें आहे. हा सन्मान उचित आहे. पण महाराजांचें स्मरण निशाणापाशीं संपूं नये. समुद्र पाहिलाहि नाहीं अशा लाखो घरांनीं दरवर्षीं, शांततेच्या काळांतहि, निमूटपणें दिलेल्या पैशावर आरमार तरतें. तो पैसा देणारीं बहुतेक घरें घाटावर असतात, आणि म्हणूनच आरमाराचा इतिहास घाटावर सांगितला पाहिजे.